सातव्या पुठ्ठ्यावरचं बटण

आमच्या घराला उद्या आग लागली, तर माझ्या सासूबाई आधी ट्रंक बाहेर काढतील, मग म्हशी सोडतील, आणि त्यातून आठवलंच तर आम्हाला हाक मारतील. हे मी रागानं सांगत नाही. बरं, थोडं रागानंच सांगते. अठरा वर्षं झाली मला या घरात येऊन, तेवढा हक्क आहे माझा.

त्यांचं नाव राहीबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. वय सत्तरीच्या पुढं. नक्की किती ते आधार कार्डावर आहे, पण ते कार्डही खोटं बोलतं असं त्याच म्हणतात. कोल्हारला नदीच्या अंगाला आमचं घर. मागं ऊस, गोठ्यात दोन म्हशी, आणि पुढच्या खोलीत माझं पार्लर. नवऱ्याचं नाव कानिफनाथ. आईचं आणि बायकोचं एकाच वेळी ऐकू आलं की तो मोटार चालू करायला शेतात जातो. आमच्या उसाला गावात कुणाच्याच उसाला मिळत नाही इतकं पाणी मिळतं.

तर ती ट्रंक. तिच्यात सोनं नाही, नाणं नाही. एकोणीस पुठ्ठे आहेत आणि त्या पुठ्ठ्यांवर बटणं शिवलेली आहेत. शिंपल्याची, शिंगाची, करवंटीची, काचेची, पितळेची, कापडानं मढवलेली, कचकड्याची. प्रत्येक तऱ्हेचं एक. फक्त एक. आत्याबाईंचे वडील गोरक्षनाथ आठवडे बाजारात बटणं विकायचे. आज लोणी, उद्या राहाता, परवा कोपरगाव, डोक्यावर ट्रंक आणि काखेत छत्री. नवा माल आला की त्यातलं एक बटण काढायचे आणि पुठ्ठ्यावर नमुना म्हणून शिवायचे. गिऱ्हाईक नमुन्यावर बोट ठेवायचं, हे पिशवीतून तसली काढून द्यायचे. पिशवीतली कधीच विकून संपली. नमुने राहिले. म्हातारा गेल्यावर भावांनी घर घेतलं, जमीन घेतली आणि बहिणीला विचारलं, तुला काय पाहिजे? या बाईनं ट्रंक मागितली! भावांनी ती दोन्ही हातांनी उचलून स्वतः एसटीच्या टपावर चढवली म्हणे. एवढ्या प्रेमानं त्यांनी पुन्हा काही दिलेलं माझ्या ऐकिवात नाही.

नमुन्याचा नियम एकच. नमुना विकायचा नाही, उसना द्यायचा नाही, नुसता दाखवायचा. "नमुना देत न्हाईत," हे वाक्य मी या घरात इतक्यांदा ऐकलंय की आमची म्हैससुद्धा म्हणेल. दाखवायचे तरी किती नखरे! एकदा पुण्याहून एक कॉलेजची मुलगी फोटो काढायला आली. तिला तीनदा हात धुवायला लावले, अंगठी काढायला लावली, आणि मग विचारलं, "शिंक येनार न्हाई ना तुला?" ती बिचारी इतकी घाबरली की तिला खरंच शिंक आली. झालं. ट्रंक बंद.

पण एक सांगते, कुणाच्या अंगावर तुटलेलं बटण त्यांना बघवत नाही. साध्या बटणांची एक बरणी वेगळी आहे, आणि सुईदोरा कायम कमरेच्या पिशवीत. समोरच्याला शर्टसुद्धा काढू देत नाहीत. आता अंगावरचं कापड शिवू नये म्हणतात. शिवायचंच झालं, तर ज्याच्या अंगावर आहे त्यानं दातात काडी धरायची आणि शेवटचा टाका पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आत्याबाईंना हा नियम फार आवडतो. समोरचा गप्प बसतो ना! मागच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला आणि त्याच्या झब्ब्याचं वरचं बटण नेमकं लोंबत होतं. यांनी त्याला खुर्चीत बसवलं, खराट्याची काडी दातात दिली आणि पाऊण तास आमच्या गल्लीतल्या गटाराबद्दल बोलल्या. बटण पाच मिनिटांत लागलं होतं. गाठ मात्र गटार संपेपर्यंत मारली नाही. त्याच्यामागं आलेले चाळीस लोक उन्हात उभे. तो निवडून आला आणि गटार झालं, हे मला कबूल केलंच पाहिजे.

आता माझं पाप सांगते.

चैत्रात माझ्या भावाचं, ओंकारचं, लग्न झालं. माझं माहेर कोपरगावकडचं. पण मुलगी कोल्हारची, कार्यालय कोल्हारचं, म्हणून नवरदेव तयार व्हायला आमच्याच घरी. शेरवानी भाड्याची, कोपरगावच्या परवेझभाईंच्या दुकानातली. दुधी रंग, सोनेरी कड, समोर सहा बटणं. ओंकारनं लग्नाच्या आनंदात महिनाभर जे काय खाल्लं होतं, ते सगळं त्या दिवशी शेरवानीला कळलं. त्यानं श्वास घेतला आणि तिसरं बटण टण्णकन उडालं. कपाटाखाली बघितलं, पलंगाखाली बघितलं, शेवटी न्हाणीघराच्या मोरीवर येऊन शोध संपला. मुहूर्ताला पंचवीस मिनिटं. आई रडायला लागली, ओंकार म्हणाला मी हात छातीवर धरून उभा राहतो. सात फेरे हात छातीवर धरून! बघणाऱ्यांना वाटलं असतं अटॅक आलाय.

आत्याबाई सकाळपासूनच कार्यालयात होत्या. मी ट्रंक उघडली. सातव्या पुठ्ठ्यावर, दुसऱ्या ओळीत, शिंपल्याचं एक बटण होतं. दुधी, उजेडात धरलं की आतून गुलाबी-हिरवी झाक, आणि कडेला पितळेचा बारीक गोट. शेरवानीवर ठेवून बघितलं आणि माझ्या अंगावर काटाच आला, इतकं जुळलं. लग्न झालं की लगेच काढून आणू असं मनाशी म्हणाले आणि लावून टाकलं. लग्न झालं. मग वरात, मग पाहुणे, मग मानपान, मग कुणाची तरी चप्पल हरवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बटण आठवलं तेव्हा माझे वडील शेरवानी परत करून आले होते.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी हुशार ना! लोणीच्या बाजारातून तसंच दिसणारं एक बटण आणलं आणि पुठ्ठ्यावर शिवून टाकलं. माझं मलाच ओळखू येईना. तीन आठवडे मी निवांत झोपले.

आत्याबाई दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वडिलांच्या नावानं घागर भरतात. भावांनी काय करायचं ते करावं, ही माझी घागर, असं त्यांचं म्हणणं. आमरसाचा नैवेद्य, शेजारी एकोणीस पुठ्ठे मांडायचे. आदल्या दिवशी दुपारी ओटीवर बसून प्रत्येक बटण खोबरेल तेलाच्या बोटानं पुसायचं. यंदा त्या पुसत बसल्या होत्या आणि मी आतून कणीक मळता मळता बघत होते. सातवा पुठ्ठा आला. दुसरी ओळ आली. त्यांनी बोट फिरवलं आणि थांबल्या. पुठ्ठा उचलून ते बटण ओठाला लावलं. शिंपला ओठाला थंड लागतो आणि मी आणलेला प्लॅस्टिकचा कचकडा कोमट, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांनी ते बटण दातानं तोडलं, उठल्या, आणि उकिरड्यावर फेकून आल्या.

मला एक शब्द बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन ऐकवल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं निवळलं असतं. पण या गोठ्यात जाऊन बसल्या आणि म्हशीशी बोलायला लागल्या. मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "गंगे, तुज्या वैरणीत कुनी दगड घातला तर तुला कळंल का न्हाई? कळंल. जनावराला कळतं. मानसाला वाटतं, म्हातारीला काय कळतंय." कानिफनाथ आला, त्यानं गोठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मोटार चालू करायला गेला. लाईट नव्हती तरी गेला.

मी गोठ्यात गेले आणि सगळं सांगून टाकलं. मोरी, ओंकार, लोणी, सगळं. त्यांनी म्हशीला विचारलं, "आता कुठं हाय म्हनावं बटन?"

"शेरवानीला," मी म्हणाले.

"शेरवानी कुठं हाय म्हनावं?"

"कोपरगावला. दुकानात. उद्या आखिती आहे, लग्नाचा दिवस. भाड्यानं गेली पण असेल."

त्या उठल्या, शेण लागलेला हात धुतला आणि म्हशीला म्हणाल्या, "सकाळी नऊ वाजता निघायचं म्हनावं. बटन आल्याबिगर दादाची घागर भरायची न्हाई. माजा बाप उद्या एक नमुना कमी मोजून परत जानार न्हाई."

सकाळी नऊ वाजता मी स्कूटी काढली. मागं आत्याबाई, नऊवारी, डोळ्याला माझा गॉगल, कमरेला सुईदोऱ्याची पिशवी. पायाजवळ माझी पार्लरची पेटी, कारण परत येताना लोणीत एका नवरीचा मेकअप घेतला होता. चाळीस किलोमीटर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. खड्डा आला की स्कूटीशी बोलायच्या. "बाई गं, जरा बघून. बसलेल्या मानसाचं वय झालंय." शिर्डीजवळ गर्दीत अर्धा तास गेला. ऊन असं होतं की हँडलला हात लावताना फडकं धरावं लागत होतं.

परवेझभाई दुकानाचं शटर वर करत होते. भला माणूस. मी सगळं सांगितलं तेव्हा हसले नाहीत, फक्त मिशीवरून हात फिरवला. "ताई, त्या डिझाइनच्या माझ्याकडं चार शेरवान्या आहेत. तुमच्या भावाला कुठली गेली होती ते मलाच सांगता येणार नाही. तीन इथं आहेत, चौथी काल गेली."

तिन्ही शेरवान्या काउंटरवर आल्या. आत्याबाई एकेक बटण ओठाला लावायला लागल्या. अठरा बटणं. परवेझभाई बघत राहिले. "आजी, ड्रायक्लीनला जायच्या आहेत अजून," ते हळूच म्हणाले. आत्याबाईंनी तोंड पुसलं आणि पुढचं बटण घेतलं. एकही थंड नव्हतं.

"चौथी कुठं गेली?" मी विचारलं.

"राहात्याला. हर्षल म्हणून मुलगा आहे. हायवेच्या कडेलाच कार्यालय. साडेबाराचा मुहूर्त." मी कपाळाला हात लावला. सकाळी त्याच कार्यालयाच्या कमानीखाली आम्ही दोघी पाणी प्यायला थांबलो होतो. परवेझभाई म्हणाले, "थांबा, मी फोन करून सांगतो त्यांना."

"नगं!" आत्याबाई अशा ओरडल्या की शेजारचा दुकानदार बाहेर आला. "फोन केला की बटन लपवतील!"

राहात्याला पोचलो तेव्हा बाराला दहा कमी होती. बाहेर बँडवाले घाम पुसत होते, आत निम्मा राहाता. मी पेटी उचलली, पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाले, "पार्लरवाले, बाजूला व्हा, बाजूला व्हा." लग्नात पार्लरवालीला कुणी अडवत नाही, भटजीला अडवतील. नवरदेवाच्या खोलीपर्यंत आम्हाला सगळ्यांनी वाट करून दिली.

हर्षल खुर्चीत बसला होता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, बारीक, घाबरलेला. शेरवानी त्याला दोन माप मोठी. आत्याबाई सरळ गेल्या आणि त्याच्या छातीला गाल लावून उभ्या राहिल्या.

हर्षलला वाटलं सासरची कुणी म्हातारी भावनाविवश झाली. त्यानं उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्या आईला वाटलं मुलीची आजी, तिनं डोळ्याला पदर लावला. आत्याबाईंचा गाल पहिल्या बटणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आला. "हेच," त्या म्हणाल्या. हर्षल वाकून पाया पडला. त्यांनी आशीर्वाद दिला, पिशवीतून काडी काढून त्याच्या दातात दिली आणि कातर बाहेर काढली.

"आजी, हे काय..." त्याचा मित्र म्हणाला.

"टाका सैल हाय. घट्ट करते. बोलू नगं, काडी हाय त्याच्या तोंडात." मित्राच्या तोंडात काडी नव्हती, तरी तोही गप्प झाला.

कच् करून दोरा तुटला. बटण आत्याबाईंच्या मुठीत. त्यांनी डोळे मिटले, मूठ कपाळाला लावली. मी सुटले! खरं सांगते, मला तिथंच फतकल मारून बसावंसं वाटलं. आणि तेवढ्यात त्या म्हणाल्या, "हां, दुसरं दे."

"दुसरं कुठलं?"

"याला लावायला. दुसरं बटन आनलं न्हाईस?"

"मी आणलेलं तुम्ही उकिरड्यावर टाकलंत ना!"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघत उभ्या. तब्बल एका दिवसानं त्या माझ्याशी थेट बोलल्या होत्या आणि ते हे असं. चाळीस किलोमीटर गेलो, वीस परत आलो, दोघींनी मिळून बटण काढायचा विचार केला. त्या जागी काय लावायचं हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. बाहेर भटजींनी हाक दिली, नवरदेवाला आणा. शेरवानीच्या मधोमध भोक, त्यातून बनियन दिसतंय. मी पेटीतून सेफ्टीपिन काढली.

"नवरदेवाला पिन? येडी हायेस का?" आत्याबाई म्हणाल्या. "मंगलाष्टकात टोचली म्हंजे?"

मामा दारात आला. "चला, चला." हर्षल काडी दातात धरून बसला होता. त्याला कुणी सांगितलं असतं तर काडी टाकून तो ओरडू शकला असता, पण म्हातारं माणूस सांगतंय म्हणून गप्प बसला होता पठ्ठ्या. नुसता खाली भोकाकडं बघत होता. आत्याबाईंनी मूठ उघडली, बटणाकडं बघितलं, परत मिटली. परत उघडली.

"काय करावं तरी या पोराचं," त्या पुटपुटल्या आणि सुईत दोरा ओवला. चार टाके, वर पीळ, खाली गाठ. शेवटचा दोरा दातानं तोडला आणि त्याच्या कानात बोलल्या, "नीट आयक. बटन माजं हाय. लगीन तुजं हाय. लगीन झालं की बटन परत. मान हलव." हर्षलनं मान हलवली.

पुढचे चार तास मी आयुष्यात विसरणार नाही. आत्याबाईंनी नवरदेवाची पाठ सोडली नाही. अंतरपाटाच्या एका बाजूला नवरदेव, त्याच्या मागं मामा, मामाच्या शेजारी आत्याबाई. कुणी गळ्यात पडायला आला की त्या मध्ये हात घालायच्या, "हळू! हळू!" हार घालायच्या वेळी मित्रांनी हर्षलला खांद्यावर उचललं आणि आत्याबाई अशा किंचाळल्या की बँडवाल्यानं ट्रंपेट खाली ठेवलं. मुलीकडच्यांना वाटलं ही मुलाची आजी. मुलाकडचे म्हणाले मुलीची असेल, जीव लई दिसतोय जावयावर. दोन्हीकडून टॉवेल-टोपीच्या वेळी त्यांना लुगडं मिळालं. दोन लुगडी! फोटोग्राफर म्हणाला, आजी, जरा मध्ये या. त्या मध्ये गेल्या, कारण मधून बटण चांगलं दिसत होतं. त्या लग्नाच्या एकूण एक फोटोत आमच्या आत्याबाई आहेत, आणि एकाही फोटोत कॅमेऱ्याकडं बघत नाहीत. माझी लोणीची नवरी फोनवर फोन करत होती. शेवटी मी मोबाईल बंद केला.

त्या जेवायला उठेनात म्हणून मी एकच ताट वाढून स्टेजच्या कडेला घेऊन गेले. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. एका ताटात जेवलो. खरं तर उपास धरायचा होता त्यांना घागर भरेपर्यंत, पण जिलबी बघून म्हणाल्या, बापाला पण आवडायची.

मग बटणावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "मला का न्हाई विचारलंस? कार्यालय दोन मिन्टांवर हुतं."

"विचारलं असतं तर दिलं असतंत?"

त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला. "न्हाई."

"मग?"

"न्हाईच दिलं आस्तं." स्टेजवर हर्षल नवरीला काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती. "मी नऊ वर्सांची आसंल. जत्रेला नवं पोलकं शिवलं हुतं मला. एक बटन तुटलं. बापाकडं ट्रंकभर बटनं. म्हनलं, दादा, त्ये एक द्या. म्हनला, नमुना देत न्हाईत. पिशवीतली संपल्यात, पुढच्या बाजारी आनतो. जत्रा काय पुढच्या बाजारापत्तोर थांबती व्हय? बाभळीचा काटा लावून गेले मी जत्रेला. सगळ्या पोरी हसल्या. बटनवाल्याची पोरगी अन काट्यानं पोलकं बांदलंय! वरीसभर बोलले न्हाई मी बापाशी."

"आणि तरी तुम्ही तेच म्हणता सगळ्यांना," मी म्हणाले. तोंडून निघूनच गेलं.

मला वाटलं आता ताट डोक्यावर बसतं. पण त्या नुसत्या बघत राहिल्या तिकडं. "व्हय. तेच म्हनते. बाप म्हनायचा म्हनून म्हनते." मग हळू आवाजात म्हणाल्या, "पंकजा, लई दिसतंय गं ते त्याच्या आंगावर. पुठ्ठ्यावर साठ वर्सं बघतीया, आसं कदी दिसलं न्हाई."

मी मठ्ठा प्याले.

दुपारी मी राहात्याच्या बाजारातून सोनेरी गोटाचं एक साधं बटण आणलं. पाठवणीच्या आधी हर्षल कपडे बदलायला खोलीत आला, तेव्हा स्वतःच शेरवानी काढून आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली. त्याला आता सगळं कळलं होतं. मीच सांगितलं होतं. जुनं काढलं, नवं लावलं. परवेझभाईंना फोन करून सांगितलं. हर्षल आत्याबाईंच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजी, तुमच्या बटणानं लग्न झालं माझं." त्या म्हणाल्या, "जाड व्हऊ नगंस," आणि स्कूटीवर बसल्या.

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. कानिफनाथनं घागर आणून, पाणी भरून, आंबे ठेवून तयारी केली होती. बिचारा सकाळपासून आजोबांच्या फोटोसमोर माश्या हाकत बसला होता. आत्याबाईंनी दिवा लावला. अठरा पुठ्ठे मांडले. सातवा माझ्या पुढ्यात ठेवला, त्याच्यावर बटण ठेवलं आणि सुई माझ्या हातात दिली.

अठरा वर्षांत मला त्या पुठ्ठ्याला बोट लावू दिलं नव्हतं. चोरून लावलं ते वेगळं. सुईत दोरा जाईना, मग त्यांनीच ओवून दिला. मी पहिला टाका घातला आणि चांगला आवळला, म्हटलं आता हे जन्मात सुटायला नको.

"आगं, घट्ट नगं," आत्याबाई म्हणाल्या. "सैल ठेव. उद्या कुनी आडलं-नडलं आलं, तर काढताना पुठ्ठा फाटंल."

मी मान वर केली. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. वडिलांच्या फोटोला कुंकू लावत होत्या.

मी दोनच टाके घातले.